एक पोपटी, तीन जाहिराती

आमच्या घरात माझ्याआधी कोणीही कॉलेजात गेलेलं नव्हतं, त्यामुळे घरातले सगळे निर्णय बरे ठरत होते.

परिस्थिती मात्र बरी नव्हती. पोशीरला भाताचं एवढंसं शेत, त्यातलं भात घरात खायलाच पुरायचं, आणि बाबा साजगावच्या एका कारखान्यात कंत्राटावर. एके दिवशी कंत्राट संपलं आणि बाबा न उघडलेला डबा घेऊन दुपारीच घरी आले. त्या दिवाळीला आम्ही जुनेच कपडे इस्त्री करून नवे म्हणून घातले. (इस्त्रीही शेजारची!) अशा घरातून मी पदवीधर झाले. वर सहा महिने कर्जतला जाऊन डिजिटल मार्केटिंगचा कोर्सही केला. हे मी नम्रपणे सांगत नाहीये, चांगली छाती काढून सांगतेय.

भात कापलं की त्याच शेतात आम्ही वाल लावतो आणि थंडीत शेंगा भरल्या की पोपटी करतो. मडक्यात आतून भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, मीठ आणि हवी तर मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं पालथं घालायचं, भोवती पेंढा आणि लाकडं रचायची आणि द्यायचं पेटवून! मी म्हटलं, शहरातली माणसं याला पैसे देतील.

"शेंगा भाजायला कोन पैसं देतंय गं?" बाबा म्हणाले.

तिकडे काकांनी साजगावलाच माझ्यासाठी पॅकिंगच्या कामाचा शब्द टाकून ठेवला होता. शेवटी ठरलं असं, की पहिला रविवार जमला तर पोपटीचा धंदा करायचा, नाही जमला तर सोमवारी सकाळी मी पॅकिंगला.

कोर्सचे सर सांगायचे, "एकच मजकूर सगळीकडे चिकटवणारा माणूस संपला म्हणून समजा! आधी जागा बघा, मग माणूस बघा, मग लिहा." मी बघितलं आणि लिहिलं. इन्स्टावर, जिथे तरुण मुली असतात: 'मौन. माती. मंद आच. फक्त पानं आणि शेंगा.' फेसबुकवर, जिथे काका-काकू असतात: 'चला आजोळी! गावठी कोंबडीची पोपटी! हसा, गा, हुंदडा, घर तुमचंच आहे!' आणि लिंक्डइनवर, जिथे नेमकं कोण असतं ते मला अजून कळलेलं नाही: 'मडक्यातून नेतृत्व. दबावाखाली संघ कसा घडतो?'

आईने तिन्ही जाहिराती माझ्याकडून वाचून घेतल्या.

"ह्या तिनी आपल्याच शेतावरच्या हायत?"

"हो गं. ज्याच्या त्याच्या मापाचं शिवायचं असतं."

"माप घेतलंस ते बरं केलंस. पन कापड तेवढंच हाय ना?"

"आई, तुला नाही कळायचं." (हे वाक्य मी त्या आठवड्यात निदान अकरा वेळा म्हटलं असेन.)

माणसं वेगवेगळी असतात, हे सरांनी शिकवलं होतं. ती एकाच रविवारी एकाच फाटकातून आत येतात, हे अभ्यासक्रमात नव्हतं!

आधी आल्या इन्स्टाच्या सहा मुली. मौनातच रिक्षातून उतरल्या, मौनातच चटया पसरल्या आणि डोळे मिटून बसल्या. दहाच मिनिटांत मिनीबस भरून फेसबुक आलं, सतरा माणसं आणि एक ढोलकी. त्यांच्यातल्या पुढारी काकूंनी फाटकातूनच आरोळी दिली, "मामाऽऽ, आलो हो आम्ही!" बाबांना एकही बहीण नाही. मामा कोण आला म्हणून ते मागे वळून बघायला लागले.

मागोमाग गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले नऊ जण आणि त्यांचे साहेब. साहेबांनी बाबांशी हात मिळवला. "आजचं सत्र आपणच घेणार?"

"मी पेंढा घेनार," बाबा म्हणाले.

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

ढोलकी वाजायला लागली. एका मुलीने एक डोळा उघडला. "ताई, इथे मौन होतं ना?"

"हो, म्हणजे ते... आतलं मौन," मी म्हणाले.

"काय गं," काकूंनी मला बाजूला ओढून हळूच विचारलं, "ह्या पोरी अशा का बसल्यात? ह्यांच्यात कोणी गेलंय का?"

इथवरही निभावलं असतं. पण मी शिकलेली होते ना!

आईने चार मडकी भरली होती. दोन कोंबडीची, दोन नुसत्या शेंगांची. पालथी घातल्यावर मडकी सगळी सारखीच दिसतात, म्हणून कोंबडीच्या मडक्यांवर ती दरवर्षी चुन्याचे पट्टे ओढते. मला ते पट्टे व्हिडिओत घाण दिसले. पेटवायच्या आधी मी ओल्या फडक्याने ते स्वच्छ पुसले आणि वर चारही मडकी हलवून एका सरळ ओळीत लावली. काय देखणी दिसत होती म्हणून सांगू!

जाळ उतरला. आईने मडक्यांवर पाणी शिंपडलं, चर्रर्र झालं, म्हणजे पोपटी शिजली.

"पट्ट्याची कुठली गं?"

"कसले पट्टे?"

"चुन्याचं."

मी फडकं पाठीमागे लपवलं.

"पुसलंस?"

"छान नव्हते गं दिसत..."

"मडक्यांचं काय लगीन लावायचं व्हतं?"

"म्हणजे कशात काय आहे, हे तुम्हालाच माहीत नाही?" मौनातली मुलगी त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने बोलली. सहाही जणी चटया गुंडाळायला लागल्या.

साहेब मात्र खूश! "बघा, बघा, हा खरा दबाव!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

"अगं, मामाकडे चालतं असं," काकू माझी पाठ थोपटत म्हणाल्या. "पैशांचं मात्र काही बोलू नकोस हं. आजोळी कोणी पैसे देतं का?"

माझीच जाहिरात, माझ्याच पाठीवर! मला सोमवारची सकाळ स्पष्ट दिसायला लागली.

तेवढ्यात आई पदर खोचून बांधावर चढली. "ऐका गं पोरींनो, आनि सायेब तुमी पन! हितं मौन नाय, आजोळ नाय, तुमचं ते संघ का काय ते पन नाय. हितं पोपटी हाय. चारात दोन कोंबडीची हायत, कुठली ते उघडल्यावर कळंल. ज्यांना चालत नाय त्यांनी हातबी लावू नका. नवं मडकं, नवा पाला, येगळा जाळ, तुमच्या डोळ्यांम्होरं लावते. शेंगा तेवढ्या तोडून आना. आनि पैसं सगळ्यांनी द्यायचं!"

दोन क्षण खरंखुरं मौन झालं. मग एक मुलगी म्हणाली, "शेंगा कुठून तोडायच्या?"

सहाही जणी वालात शिरल्या आणि एकदा तोंड उघडल्यावर त्यांचं मौन पुन्हा काही लागलं नाही. साहेबांची माणसं पेंढा वाहायला लागली, साहेब स्वतः फुंकर घालून काळे झाले. नव्या मडक्यातल्या शेंगा मुलींनी चटईवर सांडून बोटं चाटत खाल्ल्या. संध्याकाळी काकूंनी सतरा जणांचे पैसे मुकाट आईच्या हातावर ठेवले. "पुढच्या रविवारी माझी नणंद येईल," त्या मला म्हणाल्या. "पण आईच असतील ना? की तू असशील?"

सोमवारी मी साजगावला गेले नाही. आई सांगत गेली आणि मी तिन्ही ठिकाणी एकच मजकूर टाकला: 'पोशीरला रविवारी पोपटी हाय. शेंगांची येगळी, कोंबडीची येगळी. गोंगाट असतो. शनवारपर्यंत कळवा.'

थंडी संपेपर्यंत आमचा एकही रविवार रिकामा गेला नाही. बाबांनी पुन्हा कंत्राट शोधलं नाही. आणि घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून मलाही धंद्यात मानाची जागा मिळाली: आई बोलते, मी टाइप करते. टाइप झालं की ती मला ते मोठ्याने वाचायला लावते. मी मधेच काही डोकं चालवलं नाही ना, एवढंच तिला बघायचं असतं!