पत्रेवाल्याचा पुदिना

पत्रेवाल्याच्या हातचा डबा गळला, असं आजवर कुणाच्या तोंडून निघालेलं नाही. पिंपं, नरसाळी, तेलाचे डबे, छपराच्या पन्हाळी, बागेच्या झाऱ्या. पत्रा कापायचा, ठोकायचा, वळवायचा आणि सांध्याला कथलाचा डाग द्यायचा, हेच त्याने मिसरूड फुटल्यापासून केलं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दारातून आत गेलं की आधी तेजाबाचा वास नाकात शिरतो, मग पत्र्याची कात्रणं पायात येतात, आणि मग कुठे मालक दिसतो. तयार डबा तो गिऱ्हाइकाच्या हातात तडक देत नाही. काठोकाठ पाणी भरून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवतो. दुसऱ्या दिवशी तो कागद उचलून गालाला लावतो. कोरडा लागला तरच डबा उंबरा ओलांडणार. ही रीत बापाची. बाजारात प्लास्टिक आलं आणि गिऱ्हाईक रोडावलं, पण रीत काही ह्याने सोडली नाही. त्याच्या घरात कुणाला 'गळका' म्हणणं म्हणजे शिवीच.

घरामागे मातीची चिंचोळी पट्टी आहे. अर्धी ह्याची, अर्धी शेजारच्या घरात राहणाऱ्या वहिनीची, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोची. मध्ये आडवं काही नाही. भाऊ गेल्यापासून वहिनी रोज सकाळी आपला कप घेऊन मातीतून चालत येते, ह्यांच्या मागच्या पायरीवर बसते आणि पत्रेवाला, त्याची बायको आणि ती असे तिघं चहा पितात. बोलणं काय, तर नळ, गुडघे आणि एकमेकांची उणीदुणी. पण ते झाल्याशिवाय पत्रेवाल्याचा हात कात्रीकडे जात नाही.

पुदिना आणला त्याच्या बायकोने. आणला म्हणजे काय, बाजारच्या जुडीतल्या उरलेल्या काड्या मातीत खोचल्या. चहात ताजी पानं पडू लागली, सगळे खूश. मग पुदिन्याने हातपाय पसरले. वर दिसायला एवढंसं झुडूप, पण मातीखालून पांढऱ्या मुळ्या दोरीसारख्या सरपटत निघाल्या आणि थेट वहिनीच्या गुलाबांच्या आळ्यात जाऊन त्यांनी डोकं वर काढलं. पत्रेवाल्याने खुरप्याने मुळ्या तोडल्या आणि तुकडे मातीतच सोडले. झालं! तुकड्यातुकड्याला फूट आली.

एका सकाळी वहिनी कप न घेताच आली. हातात उपटलेला पुदिना होता.

"भाऊजी, हे तुमचं लेकरू माझ्या गुलाबांच्या उरावर बसलंय."

"बघतो, वहिनी."

"बघतो बघतो म्हणत तुम्ही म्हातारे झालात. आता मध्ये पत्रा ठोका. हातभर जमिनीत आणि पुरुषभर वर."

"वर कशाला? पुदिना काय उडी मारतो?"

"पुदिना नाही मारत. पण मग मला रोज सकाळी तुमचं तोंड तरी दिसणार नाही." वहिनीचा आवाज चढला होता. "माझी लेक यायच्या आत झालं पाहिजे. तिनं हौसेनं लावलेले गुलाब आहेत ते. काय दाखवू तिला, पुदिना?"

पत्रेवाला दुकानात येऊन बसला. असा आडोसा त्याच्याइतका चांगला कोण घालणार? पत्रा घरात पडून होता. पण एकदा तो उभा राहिला की वहिनीला यायला रस्त्याने वळसा, आणि गुडघ्यांच्या नावाने बोंब असताना ती कशाला येतेय! पायरीवर उरणार नवराबायको, आणि त्या दोघांचं बोलणं तर केव्हाच संपलेलं.

"अगं," तो बायकोला म्हणाला, "पुदिन्यालाच डब्यात कोंडला तर?"

त्याने पट्टी पालथी घातली. वहिनीचं आळंही बोटांनी चाळलं, मुळीचा धागासुद्धा ठेवला नाही. मग खोल, रुंद डबे केले, काठ आत वळवले, सांध्यांना दुहेरी डाग दिला. माती भरून त्यात पुदिना लावला आणि रोज झारीने पाणी घातलं. वहिनी लांबून बघत होती. पायरीवर काही आली नाही.

थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडली, देठ काळे झाले, डब्यांना डबक्याचा वास यायला लागला. बायकोने एक डबा कलता केला तर आत नुसता चिखल.

"अहो, बुडाला भोकं कुठायत?"

"भोकं? माझ्या डब्याला?"

"मग पाणी जाणार कुठून? झारीला पाडताच की!"

"ती तोंडाला. बुडाला नाही."

बायकोने कपाळावर हात मारला. शेंड्याच्या चार काड्या अजून हिरव्या होत्या, त्या तिने पेल्यात पाण्यात ठेवल्या. काड्यांना मुळं फुटली, डबे धुऊन पालथे घातले, तरी पत्रेवाला हातात खिळा आणि हातोडा घेऊन बसलेलाच. खिळा टेकवायचा, उचलायचा. आपल्याच हाताने दिलेला डाग अंगठ्याने चाचपायचा. त्याला जणू कुणी लेकराच्या थोबाडीत मारायला सांगितलं होतं.

वहिनी आपल्या दारातून हा तमाशा बघत होती. शेवटी राहवेना, तेव्हा माती तुडवत आली. "द्या इकडे. तुमच्यानं नाही व्हायचं," म्हणत तिने हातोडा हिसकला आणि दाणकन घातला. खिळा सटकला, बुडाला पोचा आला आणि भोकाच्या जागी वेडीवाकडी फाट पडली.

"अहो वहिनी! भोक पाडताय की डब्याचा जीव घेताय?" पत्रेवाल्याने हातोडा काढून घेतला. डब्यात लाकडाचा ठोकळा बसवला, खिळा सरळ धरला आणि ठोका दिला. गोल भोक. मग दुसरं. भोकांच्या कडा कानशीने घासल्यासुद्धा. काम नीट करायचं म्हटल्यावर त्याला दुसरं काही सुचत नसे. बुड संपत आलं तेव्हा कुठे आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं.

"चाळणी केलीत की," वहिनी म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. "आणि मातीवर नका ठेवू. भोकांतून खाली उतरेल मेला. फरशीवर ठेवा, विटांवर."

डबे मागच्या दाराशी विटांवर चढले, एक तर पायरीवरच. पाणी घातलं की खालून ठिबकायचं, पत्रेवाला तोंड फिरवायचा. पण पुदिना माजला. काठावरून लोंबणारी काडी दिसली की बायको कात्रीने छाटायची.

लेक यायच्या आदल्या दिवशी वहिनी खुरपं घेऊन आळ्यात बसली. पत्रेवाला दाराआडून बघत होता. तिने गुलाबांभोवतीची माती खोलवर उकरली, मुठीत घेऊन चुरली, पुन्हा उकरली. पांढरी मुळी कुठे निघाली नाही. ती हात झटकून घरात गेली. पत्रेवाल्याच्या जिवाला घोर लागला.

जरा वेळाने ती कप घेऊन बाहेर आली आणि मातीतून चालत पायरीपाशी थांबली.

"आडोशाचं राहू द्या, भाऊजी."

"बरं," पत्रेवाला म्हणाला.

"बरं काय? हा डबा माझ्या जागेवर कुणी ठेवला? उचला."

त्याने पायरीवरचा डबा लगबगीने उचलला. वहिनी गुडघा धरून बसली, चहाचा घोट घेतला आणि साखर कमी पडली म्हणून त्याच्या बायकोशी भांडायला लागली.