फुगलेल्या पिशव्या

प्रिय धाकट्या,

प्रिय हे सवयीने लिहिलं. राग जिथल्या तिथे आहे.

काल दवाखान्याच्या रांगेत तुझी बायको भेटली. म्हणाली, वन्सं, हे आता येईल त्याला सांगतात की दुकान नशिबाने गेलं, कंपनीचा काही दोष नव्हता. माझा रक्तदाब नेमका त्या क्षणी मोजला असता तर डॉक्टरांनी मला घरी सोडलं नसतं. म्हणून लिहायला बसले. तुला ठाऊक आहे तेच तुला सांगणार आहे, कारण तू ते विसरायच्या बेतात आहेस, आणि तू विसरलास की तुझी मुलं तुझंच खरं धरून बसतील.

नशिबाला मध्ये आणू नकोस. उभी हयात तू कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी होतास. जेवणाचा भोंगा झाला की माणसांचा लोंढा यायचा, आणि तुझ्या हातचं खाऊन कुणाचं पोट बिघडलं असं मी ऐकलं नाही. दूध नासायच्या आधी तुला कळायचं. आई म्हणायची, या पोराला नाक दिलंय आणि कणा द्यायचा राहिला. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

निवृत्त झाल्यावर तुला स्वतःचं दुकान हवं होतं. मी म्हटलं, काढ, आणि पाटीवर स्वतःचं नाव घाल. तू म्हणालास, माझ्या नावाला कोण ओळखतं, लाल कोंबड्याला सगळे ओळखतात. भाजलेली कोंबडी, बटाटे आणि तो पांढरा सॉस. प्रत्येक शहरात तीच पाटी, तीच चव. खोटं नव्हतं ते. पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक लागलं ते कोंबड्याच्या जिवावरच. पण मी त्या कोंबड्याच्या कंपनीचा करार वाचला होता, आणि तुला सांगितलं होतं की नाव भाड्याने घेतलं की त्या नावाला दुसऱ्या कुणी काळं फासलं तर ते तुझ्याही तोंडाला लागणार. तू तुझ्या बायकोला म्हणालास, कॉलेजात शिकलेल्या माणसांना भुतं फार दिसतात.

मग सुरू झाला संसार. कोंबडी त्यांच्याकडून, तेल त्यांच्याकडून, सॉस त्यांच्या कारखान्यात शिजून पिशव्यांत बंद होऊन यायचा, आणि तू, ज्याने आयुष्यभर कढया ढवळल्या, तो कात्रीने पिशवीचा कोपरा कापायचास. आधी भिंती पिवळ्या हव्या होत्या. वर्षभरात हिरव्या हव्या झाल्या. खर्च तुझा. एकावर एक फुकट अशी जाहिरात त्यांनी द्यायची आणि फुकटची कोंबडी तू द्यायचीस. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच, फक्त तुळशीपत्र ठेवणारा टाय घालून यायचा.

टायवाला म्हणजे आपल्या भागाचा त्यांचा अधिकारी, हे मुलांसाठी लिहिते. वयाने तुझ्या मुलाएवढा. तू त्याला 'सर' म्हणायचास. तो बोटाने फ्रीजच्या वरची धूळ पुसून तुला दाखवायचा आणि तू मान खाली घालायचास. मी रविवारी गल्ल्यावर बसायला यायचे, तेव्हा हे सगळं पाहिलंय. तो गेल्यावर मी म्हणायचे, याच्या आईने याला घरी कधी फडकं दिलं होतं का. तुझी बायको तोंडाला पदर लावून हसायची. तुला हसूही यायचं नाही.

त्या रविवारी सॉसच्या पिशव्या आल्या, तेव्हाही मी तिथेच होते. खोकं उघडलंस आणि थांबलास. पिशव्या उशांसारख्या फुगल्या होत्या. तारीख पुढची होती, शिक्का चोख होता. एकीचा कोपरा कापलास, नाकाशी धरलीस, आणि सगळं खोकं मागच्या गल्लीत नेऊन मोरीत रिकामं केलंस. त्या क्षणी मला तुझा अभिमान वाटला होता. हेही लिहून ठेवते, नाहीतर म्हणशील ताईला माझं काही चांगलं दिसतच नाही.

टायवाल्याला फोन केलास. तो म्हणाला, तारीख पुढची असेल तर माल चांगला. आणि सॉसशिवाय दुकान चालवलंस म्हणून उलट तुलाच झापलं. त्याच सुमारास करार नव्याने करायचा होता. तो झाला नाही तर दुकान गेलं, हे तुला रोज झोपताना आणि उठताना दिसत होतं. त्यामुळे तू झापून घेतलंस.

पुढे आठवडाही गेला नाही आणि बातमी आली. दुसऱ्या शहरातल्या शाखेत जेवलेली माणसं इस्पितळात होती. एक म्हातारा गेला. ती शाखा एक विधवा बाई चालवत होती, एकटी. कंपनीने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की माल उत्तम होता, बाईंचा फ्रीज बंद होता. झालं, निकाल लागला.

गिऱ्हाईकाला मात्र शाखा-बिखा कळत नाही. त्याला कोंबडा दिसतो. आपल्या दारावरून लोक पलीकडच्या फुटपाथवर जायला लागले, मुलांचे हात धरून. शेजारचा न्हावी तुला विचारून गेला, काय हो, तुमच्याकडे पण तसंच का? तू सांगू शकला असतास की मी तो माल मोरीत ओतला. एवढ्या एका वाक्याने दुकान तगलं असतं. पण करारात होतं की कंपनीबद्दल बाहेर बोलायचं ते फक्त कंपनीने. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारा हात तुझाच.

मग टायवाला आला. बरोबर कुणीतरी वकील होता, त्याच्या हातात फोन, आवाज टिपायला. दुकान रिकामं होतं. त्याने तुला अगदी गोडीत विचारलं, "काका, तुमच्याकडे आलेल्या मालाबद्दल काही तक्रार होती का कधी?"

पहिल्यांदाच काका म्हणाला तो तुला.

तू फ्रीजकडे बघितलंस. मग म्हणालास, "नाही सर. माल नेहमी चांगलाच येतो."

मी गल्ल्यामागून उठले आणि म्हटलं, हा खोटं बोलतोय, पिशव्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. वकिलाने फोन खाली केला. टायवाल्याने विचारलं, "आजी, तुमचा शाखेशी काही संबंध?" आणि तू, माझा पाठचा भाऊ, माझ्याकडे न बघता म्हणालास, "ताई, तू गप्प बस. यातलं तुला काही कळत नाही."

मला कळत नाही. पदवी माझी, करार वाचलेला मी, पिशव्या पाहिलेल्या मी.

तुझ्या त्या एका वाक्यावर त्या बाईची फाशी पक्की झाली. एकाच गाडीतून एकाच दिवशी आलेला माल, आणि दुसरा शाखावाला सांगतो की चांगला होता. पुढे तिनेच दुकानात फोन केला. तुझी बायको शेजारी उभी होती, तिच्याकडून मला कळलं. बाईने एवढंच विचारलं, तुमच्याकडे पिशव्या फुगलेल्या आल्या होत्या का हो? तू म्हणालास, राँग नंबर.

आणि इतकं करून काय वाचवलंस? करार नव्याने झाला नाही. भिंती पुरेशा हिरव्या नाहीत असं काहीतरी कारण होतं. समोरच्या मॉलमध्ये कंपनीने स्वतःचं दुकान काढलं आणि तुझ्याकडचं उरलंसुरलं गिऱ्हाईक तिकडे गेलं. पाटी तुलाच शिडी लावून उतरवावी लागली. वर ही अट, की दोन वर्षं या भागात तू खाण्याचा धंदा करायचा नाहीस. ज्याला आयुष्यात दुसरं काही येत नाही त्याला! त्याला तू नशीब म्हणतोस? माणसांनी टेबलाशी बसून, चहा पीत लिहिलेलं नशीब आहे ते.

पाटी उतरवलीस त्या संध्याकाळी तू माझ्याकडे आलास. चपला न काढता दारातच बसलास. म्हणालास, "ताई, त्या बाईची केस उभी राहणारेय. मी जाऊन सांगितलं तर?" मी म्हटलं, तर काय, चल, मी येते, तू बोल आणि अडखळलास तर मी बोलेन. आता तुझ्याकडून काढून घेण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलेलं नाही. गुरुवार ठरला. सकाळची गाडी.

गुरुवारी मी डबा घेऊन स्टँडवर उभी होते. गाडी लागली, भरली, सुटली. तुझा निरोप आला की गॅसवाला येणारेय, पुढच्या गुरुवारी जाऊ.

त्यानंतर गुरुवार पुष्कळ आले. आपण दोघे अजून त्या बाईकडे गेलेलो नाही.