आक्काची लांब गाठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही — देवाला ठाऊक असेल म्हणा, मारुतीसमोरच तर घडलं. मग तुम्हांला का सांगतोय? ते माझं मलाही कळत नाही.

नळदुर्गात आमचं गाठ्यांचं दुकान होतं. पाडव्याला गुढीवर साखरेच्या गाठीची माळ लागते, ती गावाला आमच्याकडची. लोक म्हणायचे, भाऊच्या हाताला गोडी आहे. माझ्या हाताला! मला साधा पाक जमत नव्हता. आयत्या बिळावर नागोबा, तो मीच. मागच्या खोलीत चुलाणापाशी बसून सगळं करायची ती माझी थोरली बहीण, आक्का. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माघारी आली. विधवेच्या हातची गाठी गुढीला कोण बांधणार? म्हणून ती मागं, मी पुढं. आमच्यात हे कधी बोलून ठरलं नव्हतं.

महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागे तिच्या मनात आलं — एकाच दोऱ्यात, कुठंही न तोडता, गाठी ओतत न्यायची. लाकडी साच्यात दोरा ठेवायचा, पाक ओतायचा, निवला की साचा उघडून माळ पुढं सरकवायची, पुन्हा ओतायचा. नऊ दिवस. बोटांना फोड आले. माळ दुकानापासून मारुतीच्या पारापर्यंत पोचली. बांबूंवर टांगली तेव्हा मुंग्यांच्या आधी माणसं जमली. हेडमास्तर म्हणाले, एवढी लांब मिठाई जगात कुणी केली नसेल, हा जगाचा विक्रम आहे. झालं! हैदराबादच्या उर्दू पेपरानं दोन ओळी छापल्या, आणि सोलापूरच्या पेपरवाल्यानं कॅमेरा घेऊन यायचं ठरलं.

त्या दिवशी आक्का धुतलेलं लुगडं नेसली होती.

"भाऊ, म्या केली म्हणून सांगशील न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

मोटार दिसली, आणि मी तिला चहा ठेवायला आत पाठवलं. पेपरवाल्यानं विचारलं, ही कुणी केली? भोवती सगळं गाव — पुढच्या पाडव्याची गिऱ्हाइकंच ती. मी म्हणालो, "म्या." एकच अक्षर. मी भ्यालो, दुसरं काही नाही. नंतर चहाही मीच आत जाऊन आणला, ती बाहेर येऊ नये म्हणून.

पेपर आला. आक्काला वाचता येत नव्हतं. हात पुसून ती समोर बसली. फोटोत मी, खाली माझं नाव. आणि मी वाचलं — तिचं नाव घालून, नवऱ्याच्या नावासकट. ती लहान मुलीसारखी हसली.

"फोटू तुजा असू दे. नाव माजं हाय न्हवं?"

त्या हसण्याचं मी काय करू?

कात्रण तिनं ट्रंकेत जपलं. दर पाडव्याला काढायची, माझ्या हातात द्यायची. मी वाचायचो.

आक्का गेली. तेराव्याला शेजारची शकू आली, अणदूरला दिलेली. रडत म्हणाली, काका, मी तिसरीत होते तेव्हा आक्कानं ते कात्रण माझ्याकडून वाचून घेतलं होतं. त्यात तुमचंच नाव होतं. तिनं मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "भाऊला सांगू नगं पोरी. लई लाजंल त्यो."

शकूनं ते वाचून दाखवल्यापासून आक्का जाईपर्यंत अकरा पाडवे आले. आक्का दर वर्षी कात्रण माझ्या हाती देत राहिली, समोर बसून ऐकत राहिली. आणि मी तिचं नाव वाचत राहिलो.