गळती सापडेना

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत की आत्या बंगळुरूला जाणार होती, ती गेली का नाही. मी सांगायला सुरुवात केली तोच तुमची शाळेची बस आली. अर्धवट राहिलेलं काम मला टोचत राहतं, म्हणून हे लिहून पाठवते आहे. शिवाय कपाट रंगवायला काढलंय आणि त्याचे खण घरभर पसरलेत, त्यामुळे सगळं नीट आठवतंय.

ते कपाट तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या वेळी त्याच्या छोट्या छोट्या खणांत तुम्ही चॉकलेटं लपवली होतीत आणि मुंग्यांनी ती आधी शोधली. ते माझ्या भोसरीच्या कंपनीतलं. तिथे गिअर बनत आणि मी तांत्रिक ग्रंथालय सांभाळत असे. प्रत्येक पुस्तकातले, मासिकातले महत्त्वाचे विषय मी कार्डांवर टाइप करायची आणि कार्डं अक्षरांच्या क्रमाने खणांत लावायची. कुणी "बेअरिंग तापतंय, काही वाचायला आहे का?" म्हणत आला की खण ओढायचा आणि पुस्तक कुठे आहे ते सांगायचं. पुढे कंप्युटर आला आणि कपाट भंगारात निघालं. मी ते टेम्पोत घालून घरी आणलं. तेव्हा आजोबा होते, ते एवढंच म्हणाले, "बरं झालं, मशीन नाही आणलंस."

आत्या तेच काम कंप्युटरकडून करून घेते. तळवड्याला तिचं छोटं ऑफिस आहे. कारखान्यात मशीन बिघडलं की कामगार रिपोर्ट लिहितात आणि असे ढीगभर रिपोर्ट डेटाबेसमध्ये पडून असतात. तिचं सॉफ्टवेअर त्यांतला एकेक शब्द उचलतं आणि तो कुठल्या कुठल्या रिपोर्टात आहे याची सूची बनवतं, जाड पुस्तकांच्या शेवटी असते तशी. मग शब्द टाकला की सगळे रिपोर्ट चाळावे लागत नाहीत.

तेव्हा तिची कामं कमी झाली होती. चाकणच्या एका कंपनीची ऑर्डर मिळाली तर ऑफिस चालू, नाहीतर ते बंद करून बंगळुरूला नोकरी, असं तिने ठरवून टाकलं होतं. तुमचे बाबा आधीच इतके लांब. तीही गेली असती तर इथे मी आणि हे कपाट. मी तिला तसं बोलून दाखवलं नाही. माळ्यावरची मोठी बॅग काढून द्यायचं मात्र रोज विसरत होते.

बुधवारी ती चाकणला सॉफ्टवेअर दाखवायला गेली आणि चेहरा पाडून परत आली. तिथले मेंटेनन्सचे साहेब जवळच्याच गावचे, घरची शेती असलेले. चाचणीसाठी त्यांनी एका जुन्या प्रेसचे रिपोर्ट दिले होते. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं मोठं मशीन. त्यातून तेल गळतं हे सगळ्या कंपनीला माहीत. साहेबांनी स्वतः पुढे होऊन "गळती" टाइप केलं. स्क्रीनवर काहीच आलं नाही.

पुढचं आत्याने मला त्यांच्याच आवाजात करून दाखवलं. "ताई, आमची पोरं डोळं झाकून गळती सांगत्यात. तुमच्या सॉफ्टवेअरला ती दिसंना व्हय?" मग म्हणाले, "उद्या बेस्तरवार, सुट्टी हाय. शुक्रवारी दाखवा, न्हाईतर राहू द्या."

आपल्याकडे कंपन्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्या गुरुवारी आत्या जेवायला आली ती लॅपटॉप घेऊनच. मी समोर मेथी निवडत होते.

"बाकीचे शब्द सापडतात ना?" मी विचारलं.

"सापडतात गं. वायर सापडते, बोल्ट सापडतो. गळती तेवढी नाही."

"रिपोर्टात आहे ना पण?"

"या प्रेसच्या प्रत्येक रिपोर्टात आहे. तीच तर चीड येते. शिफ्ट सुटताना जो तो आधी 'गळती आहे' लिहितो आणि मग खरं काय झालं ते. पुढच्या शिफ्टने आपल्यावर ढकलू नये म्हणून."

मला हसू आलं. "मी गिअरच्या कंपनीत गिअर नावाचं कार्ड कधी केलं नाही."

"म्हणजे?"

"अगं, केलं असतं तर सगळं ग्रंथालयच त्या एका कार्डावर आलं असतं. त्याचा उपयोग कुणाला?"

तिने लॅपटॉप पुढे ओढला. मग "आई, थांब जरा" म्हणाली, जशी काही मीच कुठे निघाले होते, आणि लॅपटॉपवर वाकली. "आणि", "आहे" असे शब्द सॉफ्टवेअर सूचीत घेतच नाही. त्याशिवाय तिने एक नियम चालू ठेवला होता: निम्म्याहून जास्त रिपोर्टांत येणारा शब्द शोधताना धरायचा नाही, कारण तो वेगळं काही सांगत नाही. कारखान्यातल्या सगळ्या मशिनांवर हा नियम चालला असता. पण एकाच प्रेसच्या रिपोर्टांत "गळती" हा शब्द "आहे"च्या पंगतीला जाऊन बसला होता.

"एवढ्या थोड्या रिपोर्टांवर हा नियम लावायचाच नसतो," ती म्हणाली. "मला कसं सुचलं नाही?"

"उपाशीपोटी सुचत नाही," मी म्हणाले आणि मेथीची दुसरी जुडी तिच्यापुढे सरकवली.

शुक्रवारी मीही तिच्या गाडीत बसले. वाटेत मोशीला चष्मा आणायचा होता, हे तिला सांगितलेलं कारण. साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"आई, तुमी बी कंप्युटरवाल्या का?"

"नाही, मी कपाटवाली."

आत्याने त्यांच्याकडे सगळ्याच मशिनांचे रिपोर्ट मागितले. "एकाचं जमंना, आन् आता सगळ्यांचं मागताय," असं कुरकुरत त्यांनी ते दिले. चहा संपेपर्यंत सूची तयार झाली. साहेबांनी पुन्हा "गळती" टाइप केलं आणि रिपोर्टांची रांग लागली. जुनी प्रेस तर होतीच, तिच्यामागे एक नवं मशीनही होतं.

"हे कधीपासून गळतंय?" ते स्वतःशीच म्हणाले. त्या मशीनबद्दल त्यांना कुणी बोललंच नव्हतं.

आत्याने बुधवारची गंमत समजावून सांगितली, तेव्हा ते खो खो हसले. "म्हंजी त्याला वाटलं, गळती घरचीच हाय, सांगायची कशाला. आमी तरी दुसरं काय करत व्हतो?"

ऑर्डर मिळाली. आत्याने सॉफ्टवेअरमध्ये एक बदल केला. आता शब्द फार ठिकाणी असेल तर स्क्रीन कोरी राहत नाही. "हा शब्द जवळजवळ सगळीकडे आहे, सोबत आणखी एक शब्द टाका," असं वाक्य येतं. ते मी लिहून दिलेलं आहे. बॅग माळ्यावरच राहिली.

माझी कार्डं केव्हाच रद्दीत गेली. कपाट आहे, रंग वाळला की पुन्हा जागेवर जाईल. ते वाक्य चाकणला रोज कुणी ना कुणी वाचतं. आत्याचं ऑफिस तळवड्यालाच आहे, आणि दर गुरुवारी ती इथे जेवायला येते.