होळीच्या झाडातला रानपिंगळा

घरात पुरण शिजत असताना पसार व्हायचं तर माणसाला एकतर वैराग्य लागतं, नाहीतर साडू. मला साडू आहे. दिलीपराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून पक्षी बघतात. ऐन होळीच्या सकाळी ते पुंडलिकनगरात आमच्या दारात गाडी उभी करून म्हणाले, "बसा. गौताळा अभयारण्याजवळ मला रानपिंगळा सापडलाय. ढोलीत पिल्लं आहेत आणि तेच झाड गावानं आजच्या होळीला धरलंय."

पायात चपला मी गाडीतच घातल्या.

पडेगाव मागे पडेपर्यंत रानपिंगळ्याची कुंडली ऐकून झाली. हे डोंगरातल्या रानात राहणारं, भरदिवसा फिरणारं छोटं घुबड. शंभरावर वर्षं कुणालाच दिसलं नाही, म्हणून जाणकारांनी ते संपलं असं धरलं. मग सातपुड्याकडे पुन्हा सापडलं. आजही मोजक्याच ठिकाणी आहे, म्हणून 'संकटग्रस्त'.

"एवढं शतकभर लपलेल्याला तुम्ही कशाला शोधता?" मी विचारलं.

साडूंनी सूड म्हणून वेरूळला चहासाठी गाडी थांबवली नाही.

कन्नडच्या पुढे डोंगर अंगावर आले. साग उघडे पडलेले, मधूनच पळस पेटलेला. गावाच्या गायरानात एक अर्धवट वठलेली सालई उभी होती. तिला हळदकुंकू वाहिलेलं, बुंध्याशी नारळ फोडलेला. वरच्या बोडक्या फांदीवर तो बसला होता. लोट्याएवढा देह, पिवळे डोळे, डोक्यावर ठिपक्यांचा जवळजवळ मागमूस नाही. न बोलावता आलेल्या व्याह्याकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे बघितलं.

पारावर चंद्रकलाबाई बसल्या होत्या. एकेकाळी सरपंच होत्या, गाव त्यांना पाटलीणबाई म्हणतं. शेजारी चारपाच गडी कुऱ्हाडींना धार लावत होते. साडूंनी भाषण सुरू केलं आणि "हा पक्षी संकटग्रस्त आहे" इथं येऊन आवाज चढवला.

"आमीबी हाओत," पाटलीणबाई म्हणाल्या. "आमाला का म्हून कोनी बगाया येत नाय?"

पार हसला. साडू घसरले ते थेट व्यवहारावर. "मी वखारीतून गाडीभर लाकूड आणून देतो."

"इकतचं लाकूड होळीला चालत नाय, भाऊ. दिलेलं बी नाय. एकतर नेमलेलं, नायतर चोरलेलं."

"पण ढोलीत पिल्लं आहेत हो," साडू अगदी रडवेले झाले.

पानाला चुना लावता लावता पाटलीणबाईंचा हात थांबला. "पिल्लं हायती? हे आदी सांगाचं सोडून इंग्रजी पुरान काय लावलं? लेकुरवाळं घर होळीत घालत नसत्यात." मग गड्यांकडे वळून, "पर बदली लाकूड पाहिजे, का रं?"

"व्हय, अन् ते चोरलेलंच," एक गडी म्हणाला. "ज्याला झाड वाचवायचं त्यानंच चोरायचं."

पाटलीणबाई उठल्या. "माझ्या गोठ्यामागं मालकांची बैलगाडी पडलीय. बैल गेले, मालक गेले, गाडी तेवढी ऱ्हायली. मी आता जरा पडते. माझी झोप लई गाढ."

आयुष्यभर दुसऱ्यांची कुलपं तपासलेला माणूस आणि मी, असे दोन चोर भर दुपारी गोठ्यामागं गेलो. गाडीला चाक एकच. ती ओढताना असा आवाज निघाला की गावातली कुत्रीसुद्धा अदबीनं बाजूला झाली. अख्खा पार आमची चोरी बघायला उठून आला होता.

दारातून पाटलीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी तोंड सोडलं. होळीच्या चोराला मालकानं शिव्या दिल्या नाहीत तर चोरी लागू होत नाही, हे मला ठाऊक होतं. साडूंना नव्हतं. आमच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकून त्यांनी धुरा खाली ठेवली. "माफ करा बाई, परत ठेवतो."

"परत ठिवली तर तंगडं मोडीन," बाई ओरडल्या आणि पुढची शिवी त्यांनी खास साडूंसाठी निवडली.

संध्याकाळी गाडी पेटली. सगळे बोंबा मारत होते. गाडीचा साटा, म्हणजे बसायची चौकट, कोसळला तेव्हा पाटलीणबाईंनी पदरानं डोळे टिपले. "धूर लई झाला," असं त्या मला म्हणाल्या. वारा मात्र पलीकडच्या बाजूला वाहत होता. गायरानात सालई तशीच उभी होती.

निघताना त्यांनी पुरणपोळ्या बांधून दिल्या आणि म्हणाल्या, "फुडल्या वर्सी गाव पुन्हा तेच झाड मागंल. माझ्याकडं आता गाडी नाय. तुमच्याकडं काय हाय?"

पाखरू वाचवायला कायदा लागतो, पहारा लागतो, मोठी माणसं लागतात, असं मी समजत होतो. ते लागतच असेल. त्या दिवशी मात्र एका बाईची आठवणीची गाडी लागली, आणि तिनं ती शिव्यांखाली लपवून देऊन टाकली.

घरी आलो. बायकोनं पोळ्या ठेवून घेतल्या आणि अबोला धरला. मी हॉलमध्ये तिच्या माहेरच्या सागवानी दिवाणावर टेकलो. चांगला जड आहे. सुटे भाग करून साडूंच्या गाडीत बसेल. बायकोची झोप किती गाढ आहे, ते तेवढं बघायला हवं.