वरच्या खोलीपर्यंतची केबल

अण्णांना, माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला आणि मी पुण्याचं बिऱ्हाड हलवून कराडला आले. घरून काम करायची परवानगी होती. पण हे घर अण्णांनी पलटणीतून निवृत्त झाल्यावर, स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. भिंती अशा जाड की हॉलमधलं वायफाय जिन्याच्या वळणापलीकडे जायचं नाही.

म्हणून हॉलमध्येच, त्यांच्या खाटेशेजारी टेबल मांडलं. दिवसभर माझ्या मीटिंगा. त्यांचा उजवा हात आणि वाचा गेली होती; तोंडातून एकच शब्द निघायचा, "न्हाई." मी बोलायला लागले की ते डोळे मिटून घ्यायचे. मला एका जागी बसवत नसे. कानात हेडफोन तसाच ठेवून खिडकीशी जायचं, परत यायचं, भरलेलीच बाटली पुन्हा भरायची.

वरच्या खोलीत जुन्या केबल टीव्हीचं सॉकेट होतं. डिश आल्यापासून ती केबल भिंतीत नुसतीच पडून होती. ऑफिसातल्या एकानं सांगितलं, तिच्यावरून इंटरनेट नेता येतं. दोन पेट्या लागतात, एक खाली राऊटरजवळ, एक वर. मागवल्या, जोडल्या. सगळे दिवे लागले, फक्त केबलचा लागेना. चार दिवस मी जिना चढत-उतरत राहिले, त्याच पिना काढत, पुन्हा घट्ट करत.

शेवटी ज्यांनी ही केबल घातली होती, त्या चाचांना बोलावलं. आता धंदा बंद करून ते घरीच असतात.

"मधी कुठंतरी फाटा असणार," ते म्हणाले. "तिथनं तार चार खोल्यांना फुटती. त्यो जुना फाटा तुमच्या पेटीचं सिग्नल अडवत असंल."

"कुठं आहे तो?"

"आवं ताई, लय वर्सं झाली. जिन्यापाशी असंल."

जिन्याची भिंत ठोकून पाहायला सुरुवात केली. तसे अण्णा खाटेवर उठून बसले. "न्हाई! न्हाई!"

"अण्णा, फोडत नाही भिंत. नुसतं बघतोय."

"न्हाई!" चेहरा लाल झालेला. मी वैतागले. "मग काय करू? दिवसभर इथंच बसू तुमच्या उशाशी?" चाचांसमोर असं बोलून गेले आणि लगेच लाज वाटली.

चाचा मात्र त्यांच्याकडं बघत होते. "सुभेदार, हिकडं व्हय?" अण्णांचा डावा हात पलटणीच्या ग्रुप फोटोकडे होता.

फोटो उतरवला. मागं भिंतीत प्लॅस्टिकचं झाकण. आत गंजलेला फाटा, आणि प्रत्येक तारेवर पांढऱ्या चिकटपट्टीवर अण्णांच्या अक्षरात खोलीचं नाव. चाचांनी फाटा काढून टाकला आणि हॉलची आणि वरच्या खोलीची तार एकमेकींना थेट जोडली. मी वर पळाले. हिरवा दिवा लागला होता.

दुसऱ्या दिवसापासून वर बसायला लागले. नेट एकदाही तुटलं नाही. पण चैन पडेना. दर अर्ध्या तासानं खाली. पाणी हवंय का, उशी सरकली का. अण्णा मान हलवायचे आणि माझ्या जाण्याची वाट बघायचे. ते मला लागायचं.

आठवड्यानं एकदा मीटिंग सुरू असताना मी माइक बंद करून जिन्यात आले. खालून आवाज येत होता. अडखळत, घशातून ओढून काढलेला. "पा... पा... पाणी." थांबून परत, "पा... णी." डॉक्टरांनी दिलेला व्यायाम ते करत होते. महिनाभर माझ्यासमोर, माझ्या ऑफिसच्या माणसांच्या कानावर जाईल म्हणून, त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

मी पायरीवरच थांबले. खाली जावंसं फार वाटत होतं. पाऊल उचललंही. मग चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता वर गेले.