तहानेचा उद्गार

मे महिन्यात, भर रविवारी कूलरचं दुकान बंद ठेवणारा व्यापारी नागपूरच्या अख्ख्या महाल भागात एकच होता, आणि तो माझा बाप होता. आठवडाभर नोकरीत अडकलेली माणसं रविवारी कूलर घ्यायला निघत, आमचं उतरलेलं शटर बघत आणि शेजारच्या दुकानात शिरत. आई धुसफुसायची. बाबा पांढऱ्या शर्टाची बटणं लावत शांतपणे म्हणायचे, "सहा दिवस धंद्याचे, सातवा देवाचा. देवाच्या दिवसावर काहून हात मारू?" दुकानापुढचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठीचा पाण्याचा रांजण मात्र ते रविवारीही भरायचे, चर्चला निघायच्या आधी, स्वतःच्या हाताने. आता तो मी भरते, आणि शटर अजूनही रविवारी उघडत नाही.

रांजणाची गोष्ट फौजेतली. तरुणपणी बाबा लष्करात ट्रक चालवायचे आणि दुरुस्तही करायचे. लढाईच्या दिवसांत सीमेवरच्या वाळवंटात त्यांचा ट्रक बंद पडला. मदत यायच्या आधीच जवळचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी रेडिएटरचा नळ सोडला आणि त्यातलं गंजाचं, तेलाच्या वासाचं पाणी फडक्यातून गाळून प्यायले. "ट्रकाच्या तोंडचं पानी हिसकून पेलो मी," असं ते सांगायचे. फौज सुटल्यावर नागपूरला आले, पत्रा कापायला शिकले आणि कूलर बनवू लागले. नव्वदीला टेकेपर्यंत त्यांनी तो धंदा केला. कुणी म्हणे नशिबाने तारलं, की ते तडक म्हणत, "नशिबानं नाही, येशूनं."

आमच्या चर्चमध्ये उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशूने वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर मंडळीतले सात जण बोलतात. पाचवा उद्गार तहानेचा. तो वर्षानुवर्षं बाबांचा होता. दर वर्षी तीच ट्रकची गोष्ट, त्याच शब्दांत. लहान पोरांनाही ती पाठ झाली होती. आणि त्या दिवशी तीन वाजेपर्यंत बाबा पाण्याचा थेंब घेत नसत. नागपूरचं ऊन, डोक्यावर चर्चचा पत्रा, आणि हे कोरडे ठणठणीत! मी दर वर्षी भांडायचे. "बाबा, येशूनं निदान तहान लागली म्हणून सांगितलं तरी. तुम्ही तर तेही सांगत नाही जी!" पालथ्या घड्यावर पाणी. खरंच, साऱ्या गल्लीला पाणी पाजणाऱ्या या माणसाने कधी कुणाकडे पाणी मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. घरातसुद्धा उठून स्वतःच घ्यायचे.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. उत्तम शुक्रवाराआधीचे उपासाचे दिवस सुरू झाले तसे चर्चचे पाळक घरी आले. जपून, गोड शब्दांत म्हणाले, की यंदा पाचवा उद्गार मंडळीतल्या एका शिक्षकांना देऊ, तुम्ही आराम करा. मला तर हायसं वाटलं. बाबांचा चेहरा लालबुंद झाला. बराच वेळ ओठ हलले, मग शब्द फुटले, "माहा... हाय तो." पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. ज्याचा उद्गार त्याच्याकडेच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दुकानात नेऊन बसवा म्हणून हट्ट. तिथे सगळ्यात मोठा कूलर ते फुल्लवर लावायचे आणि त्याच्या समोर बसून सराव करायचे. त्या घरघरीत कारागिरांना काही ऐकू जाऊ नये, ही युक्ती. मला गल्ल्यावरून फक्त हलणारे ओठ दिसायचे. ते दर वेळी एकाच जागी अडायचे; 'रेडिएटर' काही केल्या निघत नव्हता. मी म्हटलं, "नुसतं ट्रकाचं पानी म्हना ना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी खोटी साक्ष द्यायला सांगितली होती. मला राग आला.

उत्तम शुक्रवारी सकाळी आमचं पुन्हा वाजलं. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना तहानलेलं ठेवायचं नाही. बाबांनी पेला हाताने बाजूला सारला. मी पाण्याची बाटली पर्समध्ये कोंबली आणि तोंड फुगवून निघाले.

पाचव्या उद्गाराला बाबा काठी टेकत पुढे गेले. वाळवंट आलं, ट्रक बंद पडला, पाणी संपलं. एकेक शब्द ओझ्यासारखा उचलून ठेवत होते. आणि 'रे' वर गाडी अडली. रे... रे... चर्चमध्ये फक्त पंख्यांचा आवाज. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या मावशींना राहवेना. त्या हळूच म्हणाल्या, "रेडिएटर." बाबांनी काठी अंगाला टेकवून डावा पंजा उभा केला, जसा चौकात शिपाई गाडी अडवतो. "थांब वं!" उत्तम शुक्रवारी अख्खी मंडळी हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी श्वास घेतला, ते वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू केलं, आणि रेडिएटर म्हटला. पूर्ण म्हटला. मग उरलेलं सगळं सांगितलं. त्यात इतका वेळ गेला, की सहावा आणि सातवा उद्गार बोलणाऱ्यांनी आपापलं भाषण आटोपतं घेतलं.

बोलून झाल्यावर बाबा माझ्याजवळ येऊन बसले होते. तीन वाजायचे होते. मला वाटलं, आता हे तीनपर्यंत असेच बसणार, आणि मी घड्याळाकडे बघत कुढणार. तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर त्यांचा हात आला.

"पोरी, मले तहान लागली," ते म्हणाले. कुठेही न अडखळता.

मी घाईघाईने बाटली काढली. पण डोळे भरल्यामुळे झाकण नीट दिसेना, उघडेना. बाबांनी बाटली माझ्याकडून घेतली, दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरली, आणि डाव्या हाताने स्वतः उघडली.